"हे वृक्षारोपण आहे, संशोधन नाही" असा शेरा आला तर: झाडांवरच्या संशोधनासाठी निधी कसा मागावा

प्रश्न साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा आहे. शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडांवर तीन वर्षांचा प्रकल्प करायचा आहे. नगरपरिषद सोबत यायला तयार आहे, सांगलीतली एक स्वयंसेवी संस्थाही आहे. पहिला प्रस्ताव परत आला, त्यावर एका ओळीचा शेरा: "वृक्षारोपणाचा कार्यक्रम वाटतो, संशोधन दिसत नाही." आता पैसे मागायचे कुठे आणि लिहायचे काय?

शेरा कडवट आहे, पण बहुधा रास्त आहे. "शहरात पाच हजार देशी रोपांची लागवड, संगोपन व जनजागृती" अशा धर्तीचे शीर्षक असेल, तर परीक्षकाचे मत पहिल्या पानावरच बनते. लागवडीचा पैसा वेगळ्या खिशातून येतो. केंद्राची २०२० ची नगर वन योजना त्यासाठी आहे, सामाजिक वनीकरण विभाग आहे, पालिकेचा स्वतःचा वृक्ष निधी आहे. संशोधनाचा पैसा प्रश्नाला मिळतो. आणि तोही अशा प्रश्नाला, ज्याचे उत्तर हाती आले की उद्यान विभागातला मुकादम, वृक्ष अधिकारी किंवा निविदा लिहिणारा अभियंता उद्यापासून एखादी गोष्ट वेगळी करेल. ती गोष्ट कोणती, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर प्रस्ताव अजून कच्चा आहे. अर्ज भरायला घेऊ नका.

प्रश्न शोधायचे तर लांब जायला नको

वृक्ष अधिकाऱ्याच्या टेबलापासून सुरुवात करा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षे किंवा त्याहून जुने झाड 'वारसा वृक्ष' ठरले. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात त्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावायची, असेही ठरले. म्हणजे आता सगळे वयावर अडले. आणि वय सांगायचे कसे? सागाच्या खोडात वर्षागणिक वलये दिसतात. वड-पिंपळाच्या बाबतीत वलयांवर भरवसा ठेवता येत नाही. घेरावरून वय काढावे, तर कृष्णाकाठच्या गाळात वाढलेले करंज आणि पेव्हर ब्लॉकमध्ये गळा आवळलेले करंज यांचा घेर सारखा असला तरी वयात बरेच अंतर असू शकते. दोन-तीन जातींसाठी, दोन-तीन प्रकारच्या जागांसाठी घेर आणि वय यांचा स्थानिक तक्ता, अंदाज किती चुकू शकतो त्या मर्यादेसह, हा सरळ निधी मागण्याजोगा विषय आहे. वय ठाऊक असलेली झाडे लागतील. ती लागवडीच्या जुन्या नोंदवहीत सापडतात, तारीख असलेल्या जुन्या फोटोंत सापडतात, आणि शाळा-कचेऱ्यांच्या आवारात "यांच्या शुभहस्ते वृक्षारोपण" अशा फरशीशेजारी सापडतात. (फरशीतले झाड मेल्यावर त्याच जागी दुसरे लावलेले नाही ना, एवढे मात्र तिथल्या जुन्या शिपायाला विचारा.) घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजायचा. वडाच्या पारंब्यांचे खोड झाले असेल तर प्रत्येकाची नोंद वेगळी, आणि अशी झाडे तक्त्यातून बाजूला.

दुसरा विषय पेव्हर ब्लॉकचाच. दिल्लीसाठी राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडाभोवतीचे एक मीटरमधले काँक्रीट काढायला सांगितले. आता वीतभर जाडीच्या ताम्हणाला एक मीटर आणि मीटरभर व्यासाच्या वर्षावृक्षालाही एक मीटर? वृक्षतज्ज्ञ मुळांचे नाजूक क्षेत्र ठरवताना खोडाच्या व्यासाच्या १२ ते १८ पट त्रिज्या धरतात. व्यास ३० सेंटिमीटर असेल तर ३.६ मीटरपासून पुढे. एवढी जागा आपल्या पेठेत कुठेच नाही. मग निदान किती मोकळी ठेवली तर झाड तगते, हा प्रश्न रास्त आहे आणि पालिकेला उद्याच्या निविदेत लिहिता येईल असा आहे.

सांगलीत तिसरा विषय पाण्याने आणून ठेवला आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर. कोणत्या जाती किती दिवस साचलेल्या पाण्यात तग धरतात, आणि पूर ओसरून दोन उन्हाळे गेल्यावर कोणत्या झाडांच्या बुंध्याशी गॅनोडर्माच्या (मुळे-बुंधा कुजवणाऱ्या बुरशीच्या) छत्र्या दिसतात? गुलमोहर त्यात पुढे असतोच, पण "असतोच" हे परीक्षकाला चालत नाही, आकडा लागतो. कुपवाडच्या बाजूची पूर न लागलेली झाडे तुलनेला आयती मिळतात. फक्त मातीचा फरक वेगळा काढावा लागेल.

चौथा विषय साधा वाटतो आणि मला तोच सर्वांत निधीयोग्य वाटतो: नव्या रोपांना पाण्याची पाळी. आठवड्याला ३० लिटर एकदाच द्यावे की १५ लिटर दोनदा? पाणी तेवढेच, पाळी वेगळी. उत्तर मिळाले तर टँकरच्या फेऱ्यांचे वेळापत्रक बदलेल.

यांतला एकच घ्या. चारही एका प्रस्तावात कोंबण्याचा मोह होतो, आणि परीक्षक "व्याप्ती अवास्तव" असे लिहून मोकळा होतो.

एक गोष्ट प्रास्ताविकात जरूर मांडा. "आमच्या शहराची गरज" हे दिल्लीतल्या समितीला पटत नाही, कारण गरज प्रत्येक शहराची असते. पण महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला पाचशेच्या आसपास, एकीकडे मुरूम आणि दुसरीकडे सांगलीची भेगाळणारी काळी माती, हा उतार इतक्या थोड्या अंतरात फार कमी ठिकाणी मिळतो. तुमची जागा ही तुमची प्रयोगशाळा आहे, हे असे आकड्यांत सांगा. अजिंक्यताऱ्याचा इतिहास प्रास्ताविकात नको.

झाडे किती? इथेच बहुतेक प्रस्ताव पडतात

"प्रत्येकी शंभर रोपे घेऊ" असे लिहिलेले असते. शंभरच का, याला उत्तर नसते. पाण्याच्या पाळीचे उदाहरण घेऊन हिशेब मांडतो.

समजा आजच्या पद्धतीत दोन उन्हाळ्यांनंतर ६० टक्के रोपे जगतात (हा आकडा तुमच्या पालिकेच्या नोंदींतून काढा) आणि नव्या पाळीने ती ७५ टक्क्यांवर गेली तरच पालिका पद्धत बदलेल. हा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा आणि चुकीची शक्यता ५ टक्क्यांवर ठेवायची, तर प्रत्येक गटात १५२ रोपे लागतात. पण इथे थांबलात तर फसलात. टँकरवाला एकाच रस्त्यावर एक झाड सोडून एक झाड असे पाणी घालणार नाही, तो अख्ख्या रस्त्याला घालणार. म्हणून चिठ्ठी रोपांची नाही, रस्त्यांची काढायची. आणि एका रस्त्यावरची झाडे भावंडांसारखी वागतात: माती तीच, सावली तीच, शेळ्याही त्याच. रस्त्यामागे १५ रोपे आणि रस्त्यांतर्गत सहसंबंध ०.०५ धरला, तर संख्या १ + (१५ − १) × ०.०५ म्हणजे १.७ पटीने वाढवावी लागते. १५२ चे झाले २५८. त्यात १५ टक्के रोपे रस्ताखोदाई, अपघात, चोरी यांत अभ्यासातून बाद होणार असे धरा, म्हणजे ३०४. पंधराच्या पटीत २१ रस्ते, ३१५ रोपे. दोन्ही गट मिळून ४२ रस्ते आणि ६३० रोपे.

हा एक परिच्छेद प्रस्तावात असला की परीक्षकाचा सूर बदलतो. रस्त्यांऐवजी रोपांची चिठ्ठी काढून, किंवा रस्त्यांची चिठ्ठी काढून विश्लेषण मात्र रोपागणिक करून, संख्या फुगवलेले प्रस्ताव परीक्षकाला लगेच ओळखू येतात. संख्याशास्त्राचे सहकारी सह-अन्वेषक म्हणून घ्या आणि अर्ज लिहिण्याआधी घ्या, आकडे जमल्यावर नको. चिठ्ठी काढताना रस्ते आधी मातीनुसार वेगळे करा. मुरमाडातल्या खड्ड्यातून पाणी झिरपून जाते. काळ्या मातीतला खड्डा जुलैत माठासारखा भरून राहतो आणि रोप पाण्याअभावी नाही, पाण्यानेच मरते. हे दोन्ही एकत्र मोजले तर उत्तर सरासरीत बुडेल.

रोपे एकाच रोपवाटिकेतली, एकाच वयाची, फार तर दोन जातींची. उंच रोप लहान पिशवीत फार दिवस ठेवले असेल तर तळाशी मुळे गोल फिरून त्यांचा गुंता झालेला असतो. असे रोप पहिली दोन वर्षे टवटवीत दिसते आणि नंतर वाऱ्यात बुंध्याशी कलते. खरेदीआधी कोणतीही दहा रोपे निवडून पिशवी फाडून बघा, आणि हे तपासणे कार्यपद्धतीत लिहा. लावताना गुंता तीन-चार ठिकाणी उभा कापायचा की नाही, हेही आधीच ठरवून सर्व रोपांना सारखे करा.

"जगले" म्हणजे काय, याची व्याख्या लिहा. पाने झडली म्हणजे मेले असे नाही. नखाने साल खरवडून आत हिरवे दिसते का, हे दोन ठिकाणी बघायचे, एकदा खाली आणि एकदा मध्यावर. नोंदीत मृत, गायब आणि बदललेले असे तीन वेगळे संकेत ठेवा. तिसरा फार महत्त्वाचा आहे. कारण पालिकेचा माळी चांगल्या मनाने पावसाळ्यात नांग्या भरतो. मेलेल्या रोपाच्या जागी नवे रोप येते आणि तुमचा जगण्याचा आकडा रातोरात शंभर टक्के होतो. शेजारच्या दुकानदारालाही झाड गेलेले आवडत नाही, तोही एखादे आणून लावतो. म्हणून प्रत्येक रोपाला क्रमांक हवा आणि प्रत्येक फेरीत फोटो. मोबाइलचे जीपीएस तीन ते पाच मीटरने हुकते, आणि रोपांतले अंतर तेवढेच असते. त्यामुळे जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक आणि त्यापासूनचे टेपने मोजलेले अंतर लिहा. ॲल्युमिनियमची पट्टी खिळ्याने ठोकू नका, सैल तारेत अडकवा. लोखंडी जाळीवर लावली तर जाळीसकट भंगारात जाते, म्हणून क्रमांक बांबूच्या आधारावर रंगानेही लिहा.

मोजणाऱ्याला कोणता रस्ता कोणत्या गटातला हे ठाऊक नसावे. दहा टक्के रोपांची मोजणी दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा करावी. या दोन वाक्यांना खर्च जवळजवळ शून्य आणि वजन भरपूर.

पालिकेचे पत्र

"सहकार्य करण्यास हरकत नाही" एवढ्या एका ओळीच्या पत्राला समिती किंमत देत नाही. मसुदा तुम्हीच करून द्या. त्यात निदान हे असावे:

"... हद्दीतील सोबतच्या यादीतील ४२ रस्त्यांवरील ६३० रोपांच्या अभ्यासास तीन वर्षांसाठी परवानगी देण्यात येत आहे. या रस्त्यांवर नियोजित खोदकामाची माहिती १५ दिवस आधी देण्यात येईल. क्रमांकित रोपांच्या जागी नांग्या भरण्याचे काम प्रकल्पप्रमुखांना कळवूनच केले जाईल. फेब्रुवारी ते मे या काळात ठरलेल्या फेऱ्यांनुसार टँकर उपलब्ध करून दिला जाईल."

टँकरचा शब्द देण्याआधी हिशेब करा. एका गटाची ३१५ रोपे, १५ लिटरप्रमाणे ४,७२५ लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचा एक टँकर, तोही सांडलवंड फार न करता. एक फेब्रुवारी ते ३१ मे हे सुमारे १७ आठवडे. दोनदा पाळीच्या गटाला ३४ टँकर, एकदाच ३० लिटरच्या गटालाही ३४. एका उन्हाळ्यात ६८, दोन उन्हाळ्यांत १३६. हा आकडा बघून मुख्याधिकारी दचकले तर आत्ताच दचकू द्या. मे महिन्यात पिण्याच्या पाण्याची ओढाताण सुरू झाली की झाडांचा टँकर पहिल्यांदा बंद होतो. म्हणून सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे शुद्ध केलेले पाणी मिळते का ते बघा, आणि नाहीच मिळाले तर खासगी टँकरची तरतूद अंदाजपत्रकात ठेवा. पाणी सर्व रोपांना एकाच उगमाचे हवे.

झाड कोणाचे, हेही आधी सोडवा. शहरातल्या सगळ्या रस्त्यांवरची झाडे पालिकेची नसतात. राज्य मार्गाची सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, राष्ट्रीय महामार्गाची त्या प्राधिकरणाकडे, गावाकडच्या काही रस्त्यांची जिल्हा परिषदेकडे असतात. मिरज तालुक्यातल्या भोसे इथल्या ज्या जुन्या वडासाठी २०२० मध्ये महामार्गाची आखणी बदलली गेली, तिथे किती खात्यांचा संबंध आला हे आठवा. यादीतले रस्ते शक्यतो एकाच मालकीचे निवडा. आणि महावितरणच्या उपविभागाला एक पत्र द्याच. पावसाळ्यापूर्वीची छाटणी तारांखालच्या रोपांचा शेंडा उडवून जाते आणि तुमच्या उंचीच्या नोंदी निकामी होतात. मुळात तारांखालचे रस्ते निवडूच नयेत, हे त्याहून बरे.

खोडात ड्रिल करणारी तपासणी, मुळे उघडी करणारी खोदाई किंवा फांद्या काढणे प्रकल्पात असेल तर १९७५ च्या अधिनियमाखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागेल. ती प्रस्तावासोबत नसली तरी चालते, पण "मागितली आहे" याची पोच जोडा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की कोणतेच पत्र निघत नाही. कॅलेंडर बघून मागा.

पैसा कोणाकडे आहे

मोठ्या मूलभूत प्रश्नासाठी केंद्रात अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आहे. २०२३ च्या कायद्याने ती उभी राहिली आणि जुने विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ (एसईआरबी) तिच्यात विलीन झाले. इथे स्पर्धा देशभराची. घेर-वय किंवा पूर-मुळे असा, नियतकालिकात छापता येईल असा प्रश्न तिकडे न्यावा. राज्यात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे. लोकांच्या उपयोगाचे, जिल्ह्यात राबवता येणारे संशोधन तिथे जास्त शोभते, पाण्याची पाळी तिथे चालेल. जबलपूरची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था महाराष्ट्राचे काम बघते. निधीपेक्षा तांत्रिक सहकारी म्हणून तिचा उपयोग अधिक, विशेषतः बुरशी आणि खोडकिडा ओळखायला. पहिलाच प्रकल्प असेल तर आधी विद्यापीठ किंवा महाविद्यालयाच्या लहान बीजनिधीतून सहा रस्त्यांवर एका उन्हाळ्याची चाचणी करा. वर ६० टक्के आणि ०.०५ हे आकडे मी गृहीत धरले, तुम्ही ते मोजलेले देऊ शकाल. मोठ्या अर्जात यासारखी दुसरी जमेची बाजू नाही.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) हा दुसरा मार्ग. कंपनी कायदा २०१३, कलम १३५: निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक निकष लागू झाला की मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करणे बंधनकारक. पर्यावरण हा विषय अनुसूची सातमध्ये बसतो. निधी घेणाऱ्या संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी आणि आयकर विभागाकडे (१९६१ च्या कायद्यातली कलमे १२-अ आणि ८०-जी) नोंदणी हवी. कंपनीला आकडेवारीपेक्षा मार्चआधी खर्च आणि फोटो हवे असतात, हे धरून चाला. बहुवार्षिक प्रकल्प असेल तर तो "चालू प्रकल्प" म्हणून संचालक मंडळाकडून मंजूर करून घ्या. सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षे मिळतात. इकडच्या भागात एक गैरसमज नेहमी दिसतो. सहकारी साखर कारखान्यांकडे लोक सीएसआर मागायला जातात. सहकारी कारखाना ही कंपनी नाही, कलम १३५ त्याला लागू नाही. ते दिले तर स्वतःच्या निधीतून, संचालक मंडळाच्या किंवा सर्वसाधारण सभेच्या मर्जीने देतात. विनंतीपत्र त्या भाषेत लिहा. खासगी कारखाना कंपनी असेल तर गोष्ट वेगळी.

परदेशात झाडांच्या निगेसाठीच वाहिलेला निधी म्हणजे अमेरिकेतला ट्री फंड. आंतरराष्ट्रीय वृक्षसंवर्धन संस्थेचा संशोधन न्यास आणि तिथल्या वृक्षतज्ज्ञांचे प्रतिष्ठान यांच्या विलीनीकरणातून तो २००२ मध्ये उभा राहिला. मुळे आणि माती, लागवड आणि रुजणे, रोगनिगा, धोक्याचे मूल्यमापन आणि कामगार सुरक्षा, नागरी वनीकरण हे त्याचे विषय आहेत. आपला पाळीचा किंवा पेव्हरचा प्रश्न यात नेमका बसतो. अडचण पैसे उतरवून घेण्याची आहे. स्वयंसेवी संस्थेला परकीय योगदान (विनियमन) अधिनियम २०१० खाली नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येते, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आणि आलेला निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. "सांगलीच्या संस्थेने घ्यायचे आणि आमच्या महाविद्यालयाला द्यायचे" ही मांडणी त्यामुळे बेकायदा ठरते. अर्ज करण्यापूर्वी संस्थेच्या सनदी लेखापालांशी बसा. आणि रोगट खोडाचे नमुने किंवा बुरशीची वाढ परदेशी प्रयोगशाळेला पाठवायची असेल, तर जैवविविधता कायदा २००२ आडवा येतो. ओळख भारतातच करून घेणे सोपे.

अंदाजपत्रक

माणसांचा खर्च अर्ध्याहून जास्त असू द्या, या कामात तो असतोच. कनिष्ठ संशोधन छात्राला १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, वरिष्ठाला ४२,००० रुपये. दोन वर्षे कनिष्ठ आणि तिसरे वर्ष वरिष्ठ धरले तर ८,८८,००० अधिक ५,०४,०००, म्हणजे १३,९२,०००, शिवाय शहराच्या वर्गानुसार घरभाडे भत्ता. हा दर नेट किंवा गेट उत्तीर्णांसाठी आहे. तसा उमेदवार साताऱ्यात थांबेल का, याचा विचार करा. नसेल तर प्रकल्प सहायकाचे पद मागा आणि त्या योजनेचा चालू दर लावा. एकट्या माणसाच्या जोरावर ६३० रोपांची फेरी दोन आठवड्यांत होत नाही. मोजणीच्या दिवसांसाठी रोजंदारीचे दोन मदतनीस वेगळे दाखवा.

उपकरणांत हात आखडता घ्या. घेर मोजायची टेप, डिजिटल कॅलिपर, उंचीमापक, मातीचा घट्टपणा मोजणारा पेनेट्रोमीटर, ओलाव्याचे संवेदक, एवढ्यावर पाळीचा प्रकल्प होतो. ध्वनी टोमोग्राफ (ध्वनिलहरींनी खोडातली पोकळी शोधणारे यंत्र) मागितला की परीक्षक विचारतो, रोपाच्या खोडात पोकळी कुठून आली? जुन्या झाडांच्या प्रकल्पात तो लागेलही, पण मग दिवसाच्या भाड्याने. प्रत्येक उपकरणाचे वस्तू व सेवा करासह दरपत्रक जोडा. कर विसरलेला आकडा नंतर कुठूनही भरून निघत नाही.

निधी देणारी संस्था महाविद्यालयाच्या वरखर्चासाठी किती टक्के देते, परिषदेचा प्रवास चालतो का, हे त्या त्या योजनेत बघा. मिळालेल्या अनुदानावर बँकेत व्याज जमते, ते तुमचे नसते, परत करावे लागते. उपयोगिता प्रमाणपत्र केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-अ नमुन्यात जाते आणि ते वेळेवर गेले नाही तर दुसरा हप्ता अडकतो. बिलावर प्रकल्पाचा क्रमांक पहिल्या दिवसापासून लिहायची सवय लावा. टँकरवाल्याचे कच्च्या कागदावरचे बिल लेखापरीक्षक मानत नाही.

वेळापत्रक पावसाच्या हाती

तक्त्यात "महिना १, महिना २" लिहिले आणि मंजुरी सप्टेंबरात आली, तर लागवडीचा पाऊस गेलेला असतो. जाहिरात, मुलाखत, रुजू होणे यांत दोनेक महिने जातात, म्हणजे माणूस नोव्हेंबरात येतो. म्हणून दोन वेळापत्रके द्या. मंजुरी मार्चपूर्वी आली तर त्याच जूनमध्ये लागवड. उशिरा आली तर पहिले आठ महिने रस्त्यांची निवड, मातीचे नमुने, नोंदवहीची चाचणी, रोपवाटिकेत रोपांची तयारी, आणि लागवड पुढच्या जूनमध्ये. तीन वर्षांत दोन उन्हाळे दोन्ही प्रकारे बसतात. दुसऱ्या प्रकारात पृथक्करणाला वेळ कमी पडतो, तेवढे मान्य करा.

मोजणी मेअखेरीस आणि ऑक्टोबरात. उन्हाळ्याचा मृत्यू आणि पावसाचा मृत्यू असे वेगळे कळतात. धोक्यांच्या रकान्यात "प्रतिकूल हवामान" असे मोघम लिहू नका. गाळप हंगामात नोव्हेंबरपासून उसाच्या ट्रॉल्या अरुंद रस्त्यांवरच्या फांद्या ओरबाडून नेतात. ते रस्ते यादीतून वगळा, किंवा दोन्ही गटांत सारखे ठेवा. गणेशोत्सवात मांडवाचे खांब आळ्यातच रोवले जातात. यवतेश्वर, अजिंक्यताऱ्याच्या उतारांकडे फेब्रुवारीनंतर वणवे लागतात, तिकडच्या रस्त्यांवर गवत काढण्याची तरतूद ठेवा. प्रत्येक धोक्यासमोर काय करणार ते एका ओळीत.

पुन्हा अर्ज करताना जुन्या शेऱ्याला थेट उत्तर द्या, वाद घालू नका. पहिल्या पानावर: "मागील प्रस्तावात लागवड हा उद्देश होता. या प्रस्तावात लागवडीचा खर्च पालिका करते. निधी फक्त दोन पाळ्यांच्या तुलनेसाठी मागितला आहे." रोपे, खड्डे, जाळ्या हे सगळे खरोखरच पालिकेच्या हिश्श्यात टाका आणि पत्रात रकमेसह नमूद करून घ्या. पालिकेची वृक्षगणना पायाभूत माहिती म्हणून वापरणार असाल तर पीडीएफ घेऊ नका, मूळ तक्ता मागा. आणि त्यातली पन्नास झाडे स्वतः जाऊन पडताळून तो किती बरोबर आहे हे प्रस्तावातच लिहा.